जुन्या गाडीचा एबीएसचा दिवा विझेना

घाटवाला: 2011 ची डिझेल सेडान आहे, मागच्या चाकाचं बेअरिंग बदलल्यापासून एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळा दिवा लागतोय, गाडी सुरू केली की विझतो पण वीसचा स्पीड आला की परत पेटतो. ब्रेक नीट लागतात. मेकॅनिक म्हणतो एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल करणारा डबा) गेलंय, खरं असेल का?

ग्रीसबोट: मॉड्यूल लगेच बदलू नका राव!! चाकं फिरल्यावर लागतो म्हणजे बहुतेक चाकाचा स्पीड मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल येत नाहीये. बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी रिंग असते, ती बाजू उलटी बसली की सेन्सरला काही कळतच नाही. साधी पिन लावून बघा, कुठली बाजू ओढते ते.

मालवणी४२०: आमच्याकडे खाऱ्या हवेने सेन्सरखाली गंज चढतो आणि सेन्सर वर उचलला जातो, तेपण बघा. आणि स्वस्तातला स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) घेऊ नका, तो बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएस वाचणारा पाहिजे, लाइव्ह डेटात चारही चाकांचा स्पीड लावून गाडी हळू चालवा, जे चाक शून्य दाखवेल तिथेच घोळ.

ग्रीसबोट: हो, आणि ब्रेकचा लाल दिवापण सोबत लागला तर गाडी चालवू नका, आधी ब्रेक ऑइल बघा.