पावणेतीन वर्षांच्या मुलीचा सात आठवड्यांचा खोकला : एक्स-रे स्वच्छ असूनही दुर्बिणीने तपासावे का?

नमस्कार.

माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे आणि डिसेंबरच्या मध्यापासून सुरू झालेला तिचा खोकला सात आठवडे उलटून गेले तरी थांबलेला नाही. या काळात तीन डॉक्टर झाले, तिघांची निदाने वेगवेगळी निघाली, आणि येत्या गुरुवारी आम्हांला एक निर्णय घेऊन तिसऱ्या डॉक्टरांकडे जायचे आहे. छातीचा एक्स-रे स्वच्छ असताना, एका जुन्या ठसक्याच्या आठवणीवर विसंबून, एवढ्या लहान मुलीला पूर्ण भूल देऊन तिच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालू द्यावी का, हा तो निर्णय आहे. औषधे मी येथे विचारत नाही, ती डॉक्टरच ठरवतील. ज्यांच्या घरात असा प्रसंग येऊन गेला आहे त्यांचा अनुभव आणि वैद्यकीय क्षेत्रातील जाणकारांचे मत मला हवे आहे. हकीकत थोडी लांबली आहे, पण अर्धवट माहितीवर दिलेला सल्ला कामाचा नसतो, म्हणून सगळे लिहिते.

आम्ही कोल्हापूरला, फुलेवाडीच्या पुढे, जिथे वस्ती संपून उसाची शेते सुरू होतात तिथे राहतो. 14 डिसेंबरच्या रविवारी नात्यातल्यांच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. तिला दुसऱ्या दिवशीपासून अधूनमधून खोकला येऊ लागला, मंगळवारी नाक वाहू लागले आणि किंचित तापही आला. ती ज्या बालवाडीत जाते तिथली निम्मी मुले त्या आठवड्यात सर्दीने घरी होती, त्यामुळे कोणालाही वेगळी शंका आली नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी विषाणूमुळे आलेली सर्दी असल्याचे सांगून नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि वाट पाहायला सांगितले. तो सल्ला योग्यच होता असे मला आजही वाटते, कारण सर्दीनंतरचा खोकला बहुतेक मुलांत तीन आठवड्यांच्या आसपास आपोआप ओसरतो. औषधाच्या दुकानात मात्र न मागता खोकल्याचे एक पातळ औषध पुढे करण्यात आले. 2025 साली छिंदवाड्यात भेसळयुक्त खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावल्यापासून मी लेबल वाचल्याशिवाय काही घेत नाही. त्या बाटलीवर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे स्पष्ट छापलेले होते, म्हणून ती तिथेच ठेवून आले. सासूबाईंचा अडुळसा आणि ओव्याची पुरचुंडी अर्थातच चालू होती. रात्री झोपताना अर्धा चमचा मध दिला की तिला थोडी शांत झोप लागते, एवढा फरक दिसला. (मध एक वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये हे येथे बहुतेकांना माहीत असेलच.)

ताप दोन दिवसांत गेला, सर्दी आठवड्याभरात गेली, खोकला राहिला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो ओला झाला. सकाळी उठल्याबरोबर छातीत कफ खडखडल्यासारखा आवाज येतो, उबळ येते, कधी त्यातच उलटी होते आणि मग दुपारपर्यंत ती बरी असते. पाच दिवसांचे प्रतिजैविक दिल्यावर खोकला निम्म्याने कमी झाला आणि औषध संपल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा होता तसा झाला. प्रौढांमध्ये आठ आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला जुनाट म्हणतात, मुलांमध्ये ती मर्यादा चारच आठवड्यांची आहे, हे मला दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी तपासून बालदम्याची शक्यता व्यक्त केली. माझ्या धाकट्या दिरांना लहानपणी दमा होता, त्यामुळे घरात सर्वांना ते लगेच पटले. 8 जानेवारीपासून स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावून इन्हेलर सुरू केला. तो नियमित आणि डॉक्टरांनी दाखवलेल्या पद्धतीने दिला आहे, एकदा त्यांच्यासमोर देऊन पद्धत तपासूनही घेतली आहे. तीन आठवड्यांत काडीचाही फरक पडला नाही.

माझा स्वतःचा संशय तोवर धुरावर होता. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असला की आमच्या भागात रात्री कोणी ना कोणी पाचट पेटवतो, सकाळी अंगणात काळी राख पडलेली असते आणि वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो. अशा हवेत मूल खोकणारच, हे समजायला डॉक्टर कशाला हवा, असे मी सर्वांना ठणकावून सांगत होते. यजमानांनी मात्र दुधाच्या रतिबाच्या वहीत मागच्या पानांवर रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली होती : सकाळच्या उबळी किती, रात्री किती वेळा जाग आली, त्या दिवशी पाचट पेटले होते का, काय खाल्ले, ओला की सुका. त्या वहीने माझा संशय खोटा ठरवला. 20 ते 26 जानेवारी आम्ही गगनबावड्याचा घाट उतरून माझ्या माहेरी मालवणला होतो. तिथे ना धूर ना थंडी, आणि तरीही सकाळच्या उबळींची संख्या इथल्याइतकीच भरली. धुराने खोकला वाढत असेल, पण त्याचे मूळ धुरात नाही, एवढे मला मान्य करावे लागले. ज्यांच्या मुलांचा खोकला लांबला आहे त्यांनी अशी वही जरूर ठेवावी, आणि शक्य झाल्यास उबळीचे मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण दवाखान्यात मूल नेमके खोकत नाही. आमच्या तिसऱ्या डॉक्टरांनी सर्वांत आधी चित्रीकरणच ऐकले.

या तिसऱ्या डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. लसी वेळेवर झाल्या आहेत का, कारण डांग्या खोकला लस घेतलेल्या मुलातही सौम्य रूपात होऊ शकतो. तो नसावा, कारण उबळीच्या शेवटी श्वास आत ओढताना येणारा तो विशिष्ट आवाज हिच्यात नाही आणि डांग्या खोकला असा ओलाही नसतो. झोपेत तोंड उघडे राहते का, घोरते का, म्हणजे अडिनॉइडची (नाकामागच्या गाठीची) वाढ, तेही नाही. घरात किंवा शेजारी क्षयाचा रुग्ण आहे का? शेजारच्या आजोबांचे क्षयाचे उपचार गेल्या वर्षी पूर्ण झाले आहेत आणि ती त्यांच्या ओट्यावर खेळत असते, हे सांगितल्यावर त्यांनी छातीचा एक्स-रे आणि मँटू चाचणी (क्षयासाठी हाताच्या त्वचेत टोचून करायची) लिहून दिली. 28 जानेवारीला दोन्ही झाले. एक्स-रे स्वच्छ आला आणि शनिवारी तिचा हात पाहून मँटूही नकारात्मक असल्याचे सांगितले. तिचे वजन 11 किलो 800 ग्रॅम आहे, ते घटलेले नाही, भूक चांगली आहे, ताप नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी सासूबाई कूट करण्यासाठी दाणे भाजत बसल्या होत्या. मुलीने परातीत हात घातला तेव्हा त्यांनी तो पटकन बाजूला केला आणि म्हणाल्या, "नको गं बाई, गुऱ्हाळावर लागला होता तसा ठसका लागंल परत."

मी जागच्या जागी थांबले. गुऱ्हाळावर काहिलीतून काढलेल्या गरम गुळात शेंगदाणे घालून सगळ्यांनी खाल्ले होते. मुलगी इतर मुलांच्या मागे पळत होती, हसत होती, आणि तिला एकदम जोराचा ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले, पाठीवर थोपटले, मिनिटभरात थांबले आणि ती पुन्हा खेळायला गेली. ते दाणे तिला मीच दिले होते. दोन दिवसांनी सर्दी आली आणि तो ठसका माझ्या डोक्यातून साफ गेला. तिन्ही डॉक्टरांना मी खोकला कधी सुरू झाला याचे उत्तर "सर्दीपासून" असे देत आले, जे वहीतल्या तारखांप्रमाणे एका दिवसाने चुकीचे आहे.

सोमवारी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी छाती पुन्हा बराच वेळ ऐकली आणि केसपेपरवर उजव्या बाजूला मागे श्वासाचा आवाज किंचित कमी असल्याचे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. त्यांनी जे समजावले ते असे : शेंगदाण्याचा तुकडा एक्स-रेवर दिसत नाही, तिथे दिसतात ते नाणे, पिन, बॅटरी असे पदार्थ. दाण्यामुळे एका फुप्फुसात हवा अडकून राहिली तर अप्रत्यक्ष खूण मिळते, पण ती श्वास सोडतानाच्या एक्स-रेमध्ये जास्त स्पष्ट होते, आणि या वयाच्या मुलांना "श्वास सोडून थांब" असे सांगता येत नाही. त्यामुळे स्वच्छ एक्स-रेने दाणा नाही हे सिद्ध होत नाही. उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि अधिक उभी असल्याने वस्तू त्या बाजूला जाण्याची शक्यता अधिक असते. सुरुवातीच्या ठसक्यानंतर लक्षणे काही काळ जवळजवळ नाहीशी होऊ शकतात आणि घरच्यांना वाटते की वस्तू बाहेर पडली. पुढे ओलाव्याने दाणा फुगतो, त्याच्या तेलाने नलिकेचा आतला थर सुजतो, कफ साठून जंतुसंसर्ग होतो, प्रतिजैविकाने तो दबतो आणि औषध थांबले की परत येतो. हे ऐकताना मला वहीतली पाने डोळ्यांसमोर दिसत होती.

पण त्यांनीच दुसरी बाजूही मांडली. ओला खोकला, बाकी मूल ठणठणीत आणि एक्स-रे स्वच्छ, हे चित्र श्वासनलिकांच्या रेंगाळलेल्या जंतुसंसर्गाचेही असते. हा आजार लहान मुलांत पुष्कळ आढळतो, त्याला पाच दिवसांचे प्रतिजैविक पुरत नाही, दोन आठवड्यांचे लागते, आणि तेवढ्याने बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. म्हणजे पाच दिवसांत निम्मा फरक पडून खोकला परतणे हे दोन्हींशी जुळते. डॉक्टरांचा स्वतःचा कल दुर्बिणीकडे आहे, कारण त्यांच्या मते घरच्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला ठसका हा कोणत्याही चित्रापेक्षा मोठा पुरावा असतो. तरी मूल स्थिर आहे, त्यामुळे दोन दिवस विचार करा, असे ते म्हणाले. तोवर झोपेत श्वास मोजायला सांगितले आहे. एक ते पाच वर्षे वयात मिनिटाला 40 किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, यातले काहीही आढळले तर वाट न पाहता रुग्णालयात यायचे आहे. काल रात्री मी पूर्ण एक मिनिट मोजले तेव्हा 28 भरले.

घरात दोन मते आहेत. यजमानांचे म्हणणे, दोन आठवड्यांचे प्रतिजैविक आधी देऊन पाहावे. बरी झाली तर भूल टळेल. सासऱ्यांचेही तेच. मला वाटते की दाणा आत असेल तर हे दोन आठवडे फुकट जाणार नाहीत, ते तिच्या फुप्फुसाच्या खर्चाने जातील, कारण अडकलेली वस्तू जितकी जुनी तितकी सूज वाढते आणि काढणे अवघड होते. दाणे मी दिले म्हणून माझे मत असे झाले आहे का, हेही मी स्वतःला विचारून पाहिले. उत्तर मिळाले नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. दुर्बिणीआधी छातीचा सी.टी. स्कॅन केला तर भूल टाळण्याइतकी खात्री मिळते का, की त्यात पुन्हा किरणोत्सार आणि गुंगीचे औषध, आणि शेवटी दुर्बीण ती दुर्बीणच? माझ्या समजुतीप्रमाणे तपासण्यासाठी वळणारी बारीक दुर्बीण आणि वस्तू काढण्यासाठी कडक नळीची दुर्बीण वापरतात. मग दोन्हींची तयारी एकाच वेळी, एकाच भुलीत ठेवा असा आग्रह पालकांनी धरणे योग्य आहे का? ज्यांच्या मुलांची अशी तपासणी झाली त्यांना नंतर किती तास किंवा दिवस रुग्णालयात राहावे लागले, आणि घसा सुजून श्वासाचा त्रास झाला का? दुर्बिणीत काहीच सापडले नाही असे कोणाचे झाले असेल तर त्यांनी आवर्जून लिहावे. अशा वेळी आतल्या कफाचा नमुना घेऊन तो तपासायला पाठवतात असे ऐकले आहे. तसे असेल तर तपासणी वाया गेली असे म्हणता येणार नाही, आणि यजमानांना पटवायला मला तो मुद्दा उपयोगी पडेल.

ठिकाणाबद्दलही मत हवे आहे. इतक्या लहान मुलांच्या श्वासनलिकेतील वस्तू नेहमी काढणारे शल्यतज्ज्ञ आणि लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ एकत्र असणे महत्त्वाचे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आमच्यापुढे कोल्हापूर, मिरज आणि पुणे असे तीन पर्याय आहेत. मिरज तासा-दीड तासावर आहे, पुण्याला सहा तास धरून चालावे लागेल आणि तिथे आमचे कोणी नाही. डॉक्टरांची किंवा रुग्णालयांची नावे येथे जाहीर न लिहिता मला निरोपातून कळवली तरी चालेल.

वहीतील नोंदी आणि एक्स-रेचा अहवाल माझ्याजवळ आहे. कोणाला आणखी काही तपशील हवा असेल तर विचारावा, बुधवारी रात्रीपर्यंत मी येथे उत्तरे देईन. गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे.