मदत हवी आहे: हॉलमधल्या मोठ्या कुंड्यांखालचं पाणी काढायचं कसं? (इंदूर, तिसरा मजला)

कुंडीभर
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये तीन मोठ्या कुंड्या आहेत. उचलून बाल्कनीत नेता येत नाहीत, म्हणून पाणी जागेवरच घालावं लागतं. तपशील देते.

१) फिडल लीफ फिग. १८ इंची फायबरची कुंडी, तळाला ५ भोकं. खाली प्लास्टिकची थाळी, आतून १६ इंच, कड २ इंच.
२) अरेका पाम. १६ इंची मातीची कुंडी, थाळीही मातीची. खाली संगमरवर आहे, त्यावर ओलसर गोल डाग उमटलाय. ही कुंडी बाल्कनीच्या दाराजवळ आहे.
३) रबर प्लांट. उंच सिरॅमिकची कुंडी, आतून १२ इंच रुंद, तळाला भोकच नाही. नर्सरीवाल्याने खाली ३ इंच खडी टाकून थेट लावून दिलं.

आठवड्यातून एकदा प्रत्येकी ५ लिटर पाणी, एकदम. पहिल्या कुंडीची थाळी मिनिटभरात भरते आणि फरशीवर ओघळ येतो. तरीही पानांच्या कडा करपतात. रबराची खालची पानं पिवळी पडून गळताहेत आणि मातीला कुबट वास येतो. माती नर्सरीचीच, बहुतेक काळी. पाणी बोरिंगचं. कुंडी न हलवता पाणी काढायचं कसं, आणि थाळी नक्की केवढी हवी?

काळीमाती
ताई, थाळीचं नंतर बघू. मिनिटभरात पाणी खाली येत असेल तर ते मातीतून आलेलंच नाही, मातीच्या बाजूने आलंय. मालव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्याच कुंडीत पडतात, फक्त इथे मातीचा गड्डा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. त्या फटीतून पाणी सरळ थाळीत जातं. वरून थाळी भरलेली दिसते आणि आत मुळं तहानलेली, म्हणून कडा करपतात. हे बघून पाणी कमी केलं की फट आणखी वाढते.

आधी दोन गोष्टी तपासा. थाळी कोरडी करून मापाने २ लिटर पाणी घाला आणि १५ मिनिटांनी थाळीतलं पाणी मोजा. पाव लिटर, फार तर अर्धा लिटर आलं तर ठीक. लिटरच्या वर आलं तर पाणी फटीतूनच जातंय. मग अर्ध्या तासाने १२ इंची बांबूची काडी (बार्बेक्यूची चालते) खोड आणि काठ यांच्या मधोमध पूर्ण खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीचा जो भाग गडद आणि ओला, तेवढीच माती ओली.

बाजारातलं दोन दांड्यांचं स्वस्त मॉइश्चर मीटर घेऊ नका. ते ओल मोजत नाही, मातीतून वीज किती वाहते ते मोजतं. बोरिंगच्या पाण्याने क्षार साठले असतील तर तेवढ्याच ओलीला ते जास्त ओल दाखवतं.

टँकनिपल
थाळीचा हिशेब मी सांगतो. १६ इंच म्हणजे ४० सेंमी, कड ५ सेंमी. रिकाम्या थाळीत सव्वासहा लिटर मावतं. पण तुमची कुंडी तळाशी साधारण १३ इंच असणार, तिने सव्वाचार लिटरची जागा आधीच अडवली. उरलं फक्त २ लिटर. त्याच्या वर गेलं की फरशी.

तीच थाळी ठेवून कुंडीखाली १ इंच उंचीचे चार ठोकळे सरकवले तर ४ लिटर मावतं, आणि पहिल्या ३ लिटरपर्यंत कुंडीचा तळ पाण्याला टेकत नाही. नवी थाळी घेण्यापेक्षा हे बरं. ठोकळे ग्रॅनाइटचे, नाहीतर जाड पीव्हीसी पाइपाचे तुकडे, लाकूड कुजतं. ओली माती धरून कुंडी ६० किलोच्या आसपास भरेल, तेव्हा एकाने जाड फळीची तरफ करून एक बाजू वर करायची आणि दुसऱ्याने ठोकळा सरकवायचा. बोटं खाली घालायची नाहीत. भोकांवर ठोकळा येणार नाही हेही बघा, सगळी मेहनत वाया जाते.

पाणी काढायला सायफन चालणार नाही. नळीचं दुसरं टोक थाळीपेक्षा खाली लागतं आणि तुमची थाळी फरशीवरच आहे. २० लिटरच्या जारवर बसवतात तो चार्जिंगचा छोटा पंप घ्या, त्याच्या तोंडाला मऊ सिलिकॉनची नळी लावा आणि टोकाला चहाच्या गाळणीची जाळी तारेने बांधा, नाहीतर माती पंपात जाते. दोन लिटरला दोन-चार मिनिटं पुरतात. शेवटचं अर्धा सेंमी पाणी पंप उचलत नाही, ते स्पंजने टिपायचं. पंप नको असेल तर रंगपंचमीच्या गेरनंतर (इंदूरची रंगांची मिरवणूक) माळ्यावर गेलेली पिचकारी आहेच.

खापर
रबराला खडी टाकलीय ते बरोबरच केलं की. भोक नसेल तर खडी हवीच, मुळं पाण्यापासून वर राहतात. खडी अजून एक-दोन इंच वाढवा.

काळीमाती
खापर भाऊ, इथे नाही पटत. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या मोठ्या पोकळीत ते सहजी सोडत नाही. खडीच्या वरचा मातीचा थर तुडुंब भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. म्हणजे खडी टाकून तो चिखलाचा थर ३ इंच वर उचलला, एवढंच झालं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा करा, पुन्हा पाणी पडेल. उंची वाढली की पाणी सुटतं, कमी झाली की अडकतं. कुंडीत खडी घातली की मातीची उंची कमी होते.

आणि खडीत मावतं किती? १२ इंच रुंदी, ३ इंच थर, पोकळी साधारण ४० टक्के धरली तर दोन लिटर. दर आठवड्याला ५ लिटर घातल्यावर माती आणि झाड बाकीचं पिऊन संपवतील तरच हिशेब जुळेल. पावसाळ्यात, खिडकीपासून लांब, रबर तेवढं पीत नाही. कुबट वास म्हणजे तळाशी हवा संपली. भोक असलेल्या कुंडीत तर खडीचा काहीच उपयोग नाही, भोकावर प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा पुरे. माती वाहून जाऊ नये एवढंच त्याचं काम.

खापर
स्पंज करून पाहिला. मान्य. पण मग आता आत असलेल्या खडीचं काय, झाड उपसायचं?

टँकनिपल
लगेच नको. ती खडीच टाकी म्हणून वापरा. १ इंची पीव्हीसी पाइप घ्या, कुंडीच्या उंचीपेक्षा ३ इंच जास्त. खालच्या ३ इंचांत ४ मिमीची दहा-बारा भोकं पाडा आणि त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळा. कुंडीच्या कडेला सळईने आधी वाट करून, पाइप फिरवत फिरवत खडीपर्यंत उतरवा. मूळ आडवं आलं तर जोर लावू नका, दुसरी जागा बघा. आता काडी घालून आत किती पाणी आहे ते दिसेल, आणि जारच्या पंपाची नळी आत सोडून ते उपसता येईल. नियम एकच: पाइपात पाणी दिसतंय तोवर वरून पाणी घालायचं नाही.

सिरॅमिकला भोक पाडायचा मोह होईल. पाडता येतं, पण १२ मिमीचा डायमंड होल सॉ (गोल भोक कापणारं पातं), ड्रिलचा हॅमर मोड बंद, कमी वेग, सतत पाण्याची धार असं सगळं सांभाळावं लागतं. भरलेल्या कुंडीला तळाला तर नाहीच, कडेलाच पाडावं लागेल. तडकली तर कुंडी गेली. मी सुचवणार नाही.

गच्चीवाली
संगमरवराबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी. मातीची थाळी पाझरतेच, त्यात पाणी उभं नसलं तरी ओल खाली उतरते. थाळी बदला, प्लास्टिक किंवा फायबरची घ्या, आणि तिच्याखालीही हवा खेळायला अर्धा इंच जागा ठेवा. डाग नुसत्या ओलीचा असेल तर काही आठवडे उघडा ठेवल्यावर फिका पडतो. लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड लावू नका: संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने झिजतं आणि चकाकी जाते ती कायमची. साधं लोखंडी स्टँडही नको, गंजाचा डाग ओलीच्या डागापेक्षा चिवट.

थाळीतलं पाणी चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. अंडी थाळीच्या कडेला चिकटलेली राहतात, म्हणून पाणी काढल्यावर कड घासून पुसायची. हे कुणी करत नाही.

बोरिंगच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर थाळीतलं पाणी परत त्याच कुंडीत ओतू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. अंगणातल्या झाडाला घाला. घरात मोठी कुंडी धुवून काढता येत नाही, त्यामुळे वर्षातून दोनदा वरची २ इंच माती खरवडून नवी घालणं एवढंच हातात आहे. नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर कुंड्यांसाठी दोन बादल्या तेच भरून ठेवा.

कुंडीभर
सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं निघालं. मोजून पाहिलं. फिडलला २ लिटर घातलं, १५ मिनिटांत थाळीत १ लिटर ४०० मिली परत! काडी वरची ४ इंच ओली, खाली ठणठणीत कोरडी. रबराला पाइप बसला, आत ४ इंच पाणी होतं. पावणेतीन लिटर उपसलं, रात्री बघितलं तर पुन्हा बोटभर जमलेलं. आता पुढे?

काळीमाती
रबर: पाइप कोरडा दिसेपर्यंत रोज उपसा. पाणी बंद. वरून दोन बोटं माती उकरून सैल करा म्हणजे हवा जाईल. नवीन पानाचा कोंब काळा पडला किंवा खोड तळाशी मऊ लागलं तर वाट न बघता उपसून कुजलेली मुळं कापावी लागतील. तसं नसेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा, मग प्लास्टिकच्या १० इंची कुंडीत लावून ती कुंडी सिरॅमिकच्या आत ठेवा, खाली दोन इंच उंचीचा उलटा वाडगा. मुळांच्या गड्ड्यापेक्षा २ इंच मोठी एवढीच आतली कुंडी हवी. फार मोठी घेतली तर ज्या मातीत मूळ नाही तिथलं पाणी कुणी पीत नाही.

फिडल: आधी फट बुजवा. लाकडी पट्टीने काठाची माती आत ढकला, वर कोकोपीट आणि गांडूळखत अर्धं-अर्धं भरून दाबा. मग काडीने सहा-सात ठिकाणी ८ इंच खोल भोकं करा. पाणी एकदम नाही. २ लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सुईने एक भोक पाडा, बुडाला दुसरं, नाहीतर निर्वात होऊन थेंबच पडत नाही. बाटली मातीत उलटी खोचायची, तासाभरात रिकामी झाली तर भोक बरोबर. दुसऱ्या दिवशी जागा बदलून आणखी २ लिटर. काडी तळापर्यंत ओली आली की मग नेहमीचं: अर्धा अर्धा लिटर, मध्ये १० मिनिटं थांबून, थाळीत पहिलं पाणी दिसलं की बंद. किती लिटर लागलं ते एकदा लिहून ठेवा.

वार ठरवून पाणी घालणं सोडा. मे महिन्यात एसी आणि लू दोन्ही चालू असताना चार दिवसांत वाळणारी कुंडी श्रावणात दोन आठवडे ओली राहते. वरची २ इंच कोरडी झाल्यावरच पाणी.

पुढे माती बदलाल तेव्हा काळ्या मातीत थोडी वाळू मिसळू नका, विटेसारखी घट्ट होते. कोकोपीट ३ भाग, माती २, गांडूळखत २, आणि ३ भाग विटेचे ५ ते १० मिमीचे तुकडे किंवा परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र दाणे).

कुंडीभर
करते. एक शेवटचं: अरेका बाल्कनीच्या दाराजवळ आहे, त्याच्या थाळीला कायमची नळी जोडता येईल? दाराशेजारूनच एसीची ड्रेन नळी बाहेर जाते, तिलाच जोडली तर?

टँकनिपल
एसीच्या नळीला अजिबात नको. मातीचा गाळ त्यात बसला की एसीचं पाणी भिंतीवरून हॉलमध्ये उतरेल. वेगळी नळी करा. २ इंच कडेचं प्लास्टिकचं टब, कडेला तळाशी टेकून अर्ध्या इंचाचं टँक निपल (भोकात बसवून नळी जोडायचा आट्यांचा तुकडा), दोन्ही बाजूंना रबरी वॉशर. सियागंजात कुठेही मिळेल. निपलचं भोक तळापासून थोडं वर येतंच, तेवढं पाणी आत राहील, ते पुसायचं. टब ६ इंच उंच पक्क्या स्टँडवर ठेवा आणि नळीला मीटरमागे २ सेंमी उतार द्या. बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपपर्यंत (फरशीवरची पाणी जायची जाळी) मध्ये कुठेही वर चढता कामा नये. दाराची चौकट फरशीपासून उंच असेल तर उतार तिथेच अडेल, मग नळी बाहेर न नेता स्टँडखाली मावेल असा बुटका ५ लिटरचा कॅन. आधी चौकटीची उंची मोजून सांगा.