मदत हवी आहे : स्टेजवर कुठली केबल कुठे? शनिवारी कार्यक्रम (सांगली)

ढोलकी_ते_गिटार
विश्रामबागेत शनिवारी नवरात्राचा कार्यक्रम आहे, मोकळ्या मैदानात. मंडळवाले म्हणतात मिक्सर लोकांच्या मागे ठेवा. तालमीत लांब वायरी लावून बघितलं, तर कीबोर्डातून सारखी घूंऽऽ. गायकांचे माईक मात्र स्वच्छ. कुठली केबल कुठे लावायची ते लवकर सांगा.

माईकटेस्टिंग
वाद्यं कुठली, मिक्सर किती चॅनेलचा, अंतर किती? कीबोर्डाला कसली वायर लावली?

ढोलकी_ते_गिटार
मोनो जॅकचीच की, गिटारला लावतो तसली, दोन जोडून लांब केलेली. मिक्सर १६ चॅनेल, अंतर १०० फूट. तीन गायक, ढोलकीला दोन माईक, हार्मोनियम, गिटार, बास, कीबोर्ड, ऑक्टापॅड.

इस्लामपूर_साउंड
घोडं तिथंच अडलंय. माईकच्या कॅनन (तीन पिनांच्या एक्सएलआर) केबलीत पिन १ शील्ड (बाहेरची जाळी), २ आणि ३ वर एकच सिग्नल उलटसुलट जातो. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच चढते. मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे ती कटते. मोनो जॅकच्या वायरीला ही सोय नाही. कीबोर्डाशेजारी डीआय बॉक्स ठेवा, तो जॅकचा सिग्नल कॅननच्या दोन तारांवर चढवून देतो. जॅकची वायर १०-१५ फुटांच्या आत, पुढे सगळी कॅनन. लेफ्ट-राइट दोन्ही हवं असेल तर दोन डीआय.

डीजे_हळदवाला
कशाला एवढा व्याप? डिजिटल मिक्सर घ्या, स्टेजवरच ठेवा, समोर टॅब घेऊन बसा. आम्ही दोन सीझन असंच करतोय.

इस्लामपूर_साउंड
शनिवारी कार्यक्रम आणि आता मिक्सर बदलायचा? गर्दीत शेकडो मोबाईल चालू झाले की तुमच्या टॅबचं वायफाय मध्येच तुटलं तर काय करणार?

डीजे_हळदवाला
चांगला राउटर लावला तर नाही तुटत.

शॉर्टकट_कुपवाड
कीबोर्डाच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. घूं बंद.

माईकटेस्टिंग
असले सल्ले देऊ नका! गिटारवाल्याचा हात तारेवर, ओठ माईकला. अर्थ तुटलेला असताना अ‍ॅम्पमध्ये गळती झाली तर करंट त्याच्यातूनच जाणार. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या केबलीचं ग्राउंड तोडतं, ते दाबा. मिक्सरची आणि स्टेजवरच्या वाद्यांची लाइन एकाच बोर्डावरून घ्या. मंडपाच्या लाइटिंगची वेगळी ठेवा.

मिरजेचा_तंबोरा
तुमच्याकडे तंबोरा दिसत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि शेजारच्या सांगलीत सूर पेटीवरच भागवतात. कारागिरांनी जगायचं कसं?

ढोलकी_ते_गिटार
काका, तो वेगळा धागा काढा. कॅनन केबली १०० फुटांच्या बारा घ्याव्या लागणार का?

इस्लामपूर_साउंड
सुट्या ओढू नका, स्नेक (अनेक केबली एकत्र असलेली जाड केबल) भाड्याने घ्या. १०० फूट सरळ मोजलंत की मैदानाच्या कडेने? आणि स्पीकर स्टेजजवळ असतील तर मिक्सरचा आवाज परत कसा आणणार? मेनच्या (लोकांसाठीच्या स्पीकरच्या) दोन आणि मॉनिटरच्या (कलाकारांना ऐकायच्या स्पीकरच्या) दोन लाइनी धरा, म्हणजे १६ इन ४ रिटर्नचा स्नेक.

ढोलकी_ते_गिटार
कडेने मोजलं, १४० फूट! ५० मीटरचा स्नेक मिरजेत मिळाला. डीआय पाच : कीबोर्ड दोन, ऑक्टापॅड दोन, बास एक. गिटारच्या अ‍ॅम्पसमोर माईक. एकूण १२ चॅनेल, बरोबर ना?

माईकटेस्टिंग
बरोबर. दोन्ही टोकांना टेप लावून नंबर टाका. हार्मोनियमला कंडेन्सर माईक असेल तर मिक्सरमधून ४८ व्होल्ट फँटम (माईकला केबलीतूनच जाणारी वीज) लागेल. ते चालू असताना केबल काढू-घालू नका, स्पीकरला धक्का बसतो. मॉनिटरचा ऑक्स (मिक्सरचा वेगळा आउटपुट) प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा, ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेरचा आवाज कमी केला की गायकाचाही जाईल.

ढोलकी_ते_गिटार
आज जोडून बघितलं. डीआय लावल्यावर घूं पूर्ण गेली, लिफ्टचं बटण दाबायचीही गरज पडली नाही. आता हार्मोनियमचा माईक उघडला की शिट्टी मारतो. काय करू?

इस्लामपूर_साउंड
माईक पेटीपासून किती लांब? आणि मॉनिटरचं तोंड कुठे आहे?