एकाच तव्यात न्योकी-सॉसेज (गोडोली, सातारा, सोसायटी ग्रुप)

*२०४ ताई:* काल रात्री आठच्या सुमाराला जिन्यात लसूण आणि बडीशेप परतल्याचा काय वास सुटला होता! तिसऱ्या मजल्यावरूनच येत होता. काय होतं कुणाकडे? आमची दोन्ही पोरं जेवता जेवता दाराकडे बघत होती.

*३०२ वहिनी:* आमच्याकडेच. न्योकी आणि चिकन सॉसेज, क्रीममध्ये. पुण्याहून नणंदबाई आल्यात, त्यांनी न्योकीची पाकिटं आणली होती.

*२०४ ताई:* म्हणजे ते बटाट्याचे छोटे गोळे ना, इटालियन? ते आधी उकळा, मग सॉस वेगळा करा, मग एकत्र करा. कामावरून आल्यावर एवढा व्याप कोण करणार?

*३०२ वहिनी:* व्याप नाहीच ताई. पाकिटातली न्योकी उकळायचीच नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं की उकळत्या पाण्यात टाका, दोन-तीन मिनिटांत तरंगली की काढा. तसं केलं तर ती गिळगिळीत लागते आणि पोरं एका घासात नाक मुरडतात. कोरडीच तव्यावर परतायची. सविस्तर टाकते, भाकरी उरकू दे.

*५०३ दादा:* वहिनी नक्की टाका. रूमवर एकच बर्नर आहे, मला हेच पाहिजे.

*३०२ वहिनी:* हं, आता निवांत लिहिते. चौघांचं माप आहे.

पाव किलो चिकन सॉसेजचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. पसरट तवा चांगला तापवून चमचाभर तेल, त्यात सॉसेज सगळीकडून तांबूस करून ताटलीत काढून ठेवायचं. तवा पुसायचा नाही. त्यातच एक चमचा लोणी टाकून अर्धा किलो न्योकी एका थरात पसरायची आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. सगळं इथंच आहे. सारखं हलवत बसलं तर कवच धरत नाही, चिकटून लगदा होतो. खालून सोनेरी झाली की उलथन्याने अलगद सुटते, मग एकदाच उलटायची. सुटत नसेल तर अजून झाली नाही असं समजा, जोर करू नका.

मग न्योकी कडेला सारून मधे एक बारीक चिरलेला कांदा, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, अर्धा चमचा भरड कुटलेली बडीशेप आणि चिमूटभर चिली फ्लेक्स. कांदा मऊ झाला की वाटीभर गरम पाणी ओतायचं आणि उलथन्याने तळ खरवडायचा. तळाला जी तांबूस खरवड धरलेली असते ना, तीच चव. ती पाण्यात उतरली पाहिजे. सॉसेज परत आत टाकून तीन-चार मिनिटं उकळी. बटाटा आणि मैद्याचा स्टार्च सुटून रस आपोआप दाट होतो, पांढरा सॉस वेगळा करायची गरजच नाही.

आता गॅस अगदी बारीक. पाऊण वाटी फ्रेश क्रीम, एक चीज क्यूब किसून, दोन मुठी निथळलेला पालक. पालकाने मान टाकली की गॅस बंद. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असतात. काल साडेसातला घरात पाऊल टाकलं, सव्वाआठला आम्ही जेवायला बसलो होतो, पालक निवडण्यासकट.

*१०१ मावशी:* म्हणजे आपल्या शेंगोळ्यांचीच रीत की गं. कुळथाच्या पिठाने रस्सा आपसूक आळून येतो, वर काही लावावं लागत नाही.

*३०२ वहिनी:* अगदी तेच मावशी! फक्त इथं आधी परतून घ्यायचं.

*५०३ दादा:* माझ्याकडे कढई आहे, तवा नाही. चालेल का?

*३०२ वहिनी:* कढईत ढीग होतो, मग वाफ धरते आणि परतायच्या ऐवजी शिजते. तुझ्या एकट्यापुरती असेल तर पाऊण वाटी न्योकी तळाशी मावेल. जास्त असेल तर दोन घाणे काढ.

*१०१ मावशी:* बिडाचा खोलगट तवा असेल तर सोन्याहून पिवळं. उष्णता धरून ठेवतो, गार न्योकी पडली तरी तवा गार होत नाही. पण तवा नवा असेल आणि टोमॅटो घालणार असाल तर बिडात नको. आंबट फार वेळ उकळलं की लोखंडाची चव उतरते. मुरलेल्या तव्याला तेवढं काही होत नाही.

*५०३ दादा:* टोमॅटोवरनं विचारतो, प्युरी घातली तर क्रीम फाटतं का?

*३०२ वहिनी:* फाटू शकतं. आपल्याकडं डब्यात मिळतं त्या फ्रेश क्रीममध्ये फॅट २५ टक्के असतं. परदेशी रेसिपीत ज्याला हेवी क्रीम म्हणतात ते ३६ टक्के किंवा त्याच्या वर. जास्त फॅटचं क्रीम उकळी आणि आंबट दोन्ही सोसतं, आपलं सोसत नाही. म्हणून तिकडच्या व्हिडिओत क्रीम ओतून खदखदा उकळताना दिसतं ते आपण करायचं नाही. प्युरी घालायचीच असेल तर ती आधी तेल सुटेपर्यंत परत, मग पाणी, मग रस दाटला की शेवटी क्रीम. क्रीम फ्रीजमधून काढून लगेच ओतू नकोस. वाटीत घेऊन त्यात दोन पळ्या गरम रस मिसळ आणि मग तव्यात घाल. स्टार्च असल्यामुळे न्योकीच्या रसात क्रीम बऱ्यापैकी टिकतं, हे एक बरं आहे.

*२०४ ताई:* घरची साय चालेल का? आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, भरपूर साय असते.

*३०२ वहिनी:* चालेल, चव तर जास्तच छान. ताजी घ्या, विरजण लावलेली नको. थोडं दूध घालून मिक्सरला दोनदाच फिरवा. जास्त फिरवली की लोणी सुटून रवाळ होते.

*४०१ काका:* वाचतोय सगळं. आमच्याकडे हिला मांसाहार चालत नाही, आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर दोघांचेही. पण एक सांगतो. रोममध्ये गुरुवार हा न्योकीचाच वार समजतात. तिथली जुनी म्हणच आहे, गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. शुक्रवारी कॅथलिक लोक मांस वर्ज्य करायचे, म्हणून आदल्या दिवशी पोटभरीचं काहीतरी. दक्षिण अमेरिकेतून बटाटा युरोपात आला सोळाव्या शतकात, त्याआधी तिकडे न्योकी रव्याची, मैद्याची, शिळ्या पावाची करत. रोमची रव्याची न्योकी आजही होते: दुधात रवा शिजवून, थापून, गोल वड्या कापून, वर चीज घालून भट्टीत भाजतात.

*१०१ मावशी:* रवा तर घरात असतोच. भाऊजी, ही चांगली माहिती दिलीत.

*२०४ ताई:* काका, गुरुवारची न्योकी म्हणजे तुमच्या उपासाला मुहूर्त सापडला 😀 पण वहिनी, व्हेजमध्ये सॉसेजच्या जागी काय घालायचं?

*३०२ वहिनी:* मश्रूम. पनीर पण चालतं, पण पनीरला तळाला धरणारी खरवड नसते, म्हणून रस फिका पडतो. मश्रूम जाड कापून मोठ्या आचेवर, पाणी पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत परतले की तशीच खोल चव येते. बडीशेप मात्र सोडू नका. इटलीतल्या पुष्कळ सॉसेजमध्ये बडीशेप असते, आणि आपल्याकडच्या चिकन सॉसेजमध्ये सहसा नसते, म्हणूनच मी वेगळी घालते. जिन्यात जो वास आला तो तिचा होता.

*५०३ दादा:* सॉसेज साताऱ्यात कुठलं घ्यावं? मागे एका दुकानातून आणलं, आत नुसता बर्फ होता आणि खायला भुसभुशीत.

*३०२ वहिनी:* पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले किंवा सॉसेज एकमेकांना चिकटून एकच ठोकळा झालेला असला तर ते एकदा वितळून परत गोठलेलं असतं. वीज गेल्यावर फ्रीजर बंद राहिला की असं होतं. घेऊ नकोस, दुकान कुठलंही असो. सुटी सुटी, कोरडी दिसणारी घे. घरी आणून आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेव. ओट्यावर दिवसभर नको. परतायच्या आधी कापडाने टिपून घे, ओल्या सॉसेजला रंग येत नाही.

*१०१ मावशी:* खरं सांगू? सॉसेजच्या मागे लागूच नका. ओळखीच्या खाटकाकडून पाव किलो खिमा आणा, मटणाचा किंवा चिकनचा. ठेचलेली लसूण, भरड बडीशेप, मिरपूड, लाल मिरची, मीठ घालून अर्धा तास मुरवा आणि तव्यात सुपारीएवढे गोळे टाका. मटणाची थोडी चरबी असू दे, तीच तवा धरते. आमच्या सुनेने मागच्या महिन्यात असंच केलं होतं, पास्त्यात. पाकिटातल्यापेक्षा कितीतरी सरस.

*३०२ वहिनी:* मावशी, हे मी उद्याच करते. कच्चा खिमा आहे म्हटल्यावर आत गुलाबी राहायला नको, एक गोळा फोडून बघायचा. गोव्याचं चोरिस (तिकडचं तिखट-आंबट सॉसेज) कुणाकडे आलं असेल तर तेही घालता येईल, पण निम्मंच. त्यात व्हिनेगर, मिरची, मीठ सगळंच कडक असतं, क्रीमला दाबून टाकतं.

*२०४ ताई:* धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याला तिखट न घालता देता येईल ना?

*३०२ वहिनी:* देता येईल, चिली फ्लेक्स वरून आपापल्या ताटात. पण ताई, एक महत्त्वाचं: त्याच्यासाठी सॉसेजच्या गोल चकत्या अजिबात करू नका. गोल चकती लहान मुलाच्या घशात बूच बसल्यासारखी अडकते. आधी उभे चार भाग करा, मग ते बारीक चिरा. न्योकीसुद्धा चमच्याने दाबून अर्धी करून द्या. आणि बसवूनच भरवा, पळता-पळता नको.

*२०४ ताई:* बरं झालं सांगितलंत. मी नेहमी चकत्याच करते. आजपासून बंद.

*४०१ काका:* न्योकीचं पाकीट साताऱ्यात मिळत नसेल तर?

*३०२ वहिनी:* मागवता येतं. पण घरी होते काका, आणि रविवारी करून ठेवावी इतकी चांगली होते. अर्धा किलो जुना बटाटा, सव्वाशे ते दीडशे ग्रॅम मैदा, मीठ. बस्स.

बटाटा कुठला घेता त्यावर निम्मं काम. पुसेगावकडचा नवा, पातळ सालीचा बटाटा रस्सा-भाजीला उत्तम, पण ह्याला नको, त्यात पाणी जास्त. साल जाड झालेला, कोरडा, पिठूळ बटाटा हवा. सालीसकट, न कापता, कुकरमध्ये चाळणीवर ठेवून वाफवा, पाण्यात बुडवू नका. गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. परातीत पसरून वाफ जाऊ द्या, जेवढी वाफ जाईल तेवढा मैदा कमी लागतो आणि न्योकी हलकी होते. मग मैदा भुरभुरून हलक्या हाताने नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं मळलं की संपलं, रबरी होते. बोटाएवढ्या जाड वळ्या करून नखाएवढे तुकडे, काट्याच्या पाठीवरून एक-एक घरंगळवला की रेघा उमटतात, त्यात सॉस धरतो.

ही मात्र ताजी आहे, म्हणून हिला आधी उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायची, तरंगली की झाऱ्याने काढून ताटात तेलाचा हात लावून पसरायची. गार झाली की मग तव्यावर. पाकिटातली दाबून बांधलेली असते, ती थेट तव्यावर टिकते, घरची कच्ची टाकली तर विरघळते.

*१०१ मावशी:* पुरणयंत्र बाहेर काढायला होळीची वाट बघायला नको म्हणजे. माझं घेऊन जा गं कुणाला हवं असेल तर. बारीक जाळी लावून देते.

*५०३ दादा:* शुगरवाल्या माणसाला चालेल का? बाबा पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

*३०२ वहिनी:* बटाटा, मैदा, क्रीम. हलकं नाही रे. बाबांना आठ-दहा न्योकी, सॉसेज आणि पालक दुप्पट, बरोबर काकडीची मोठी वाटी. बाकी त्यांचे डॉक्टर सांगतील तसं. मी तर एरवीही पालक दुप्पटच घालते, क्रीम जड वाटत नाही.

*२०४ ताई:* उरलं तर सकाळी डब्याला?

*३०२ वहिनी:* रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत रस शोषून घट्ट गोळा झालेला असतो. चार चमचे दूध घालून बारीक गॅसवर झाकण ठेवा, सैल होतं. मायक्रोवेव्हमध्ये जोरात गरम केलं तर तूप सुटतं. पण खरं सांगायचं तर हे तव्यावरून ताटात खायचं. पोरांच्या डब्याला थोडी परतलेली न्योकी आधीच काढून ठेवा, सॉस न घालता. नुसती पण आवडीने खातात.

*४०१ काका:* काकू विचारतेय, मश्रूम धुवायचे की नाही? राजवाड्याकडून आत्ता घेऊन आलोय, माती बरीच आहे.

*३०२ वहिनी:* धुवा काका, पण पाण्यात भिजत ठेवू नका. नळाखाली चटकन चोळून लगेच फडक्यावर कोरडे करा. आणि मीठ रंग आल्यावरच, आधी घातलं तर पाणी सुटून तव्यात शिजत बसतात. दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं घेतलीत ना? एका पाकिटाचं परतल्यावर मूठभर होतं.

*४०१ काका:* एकच घेतलं. परत जातो. कुणाला हवेत का? येताना आणतो.

*५०३ दादा:* काका मला एक. आणि क्रीमचा छोटा डबा दिसला तर तोही, पैसे लगेच पाठवतो.