छंदातलं 'जमलं बुवा!': तुमचे अनुभव

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत आईने विणलेला क्रोशाचा रुमाल सापडला. रुखवतात मांडतात तसला. शाळेत असताना मीही विणायचे. साखळी, मुका खांब, खांब सगळं हातात बसलेलं. मग नोकरी, मुलं, तेच ते. परवा सुई घेतली तर बोटांना आठवत होतं! गोल अगदी सपाट बसला. विणणाऱ्यांना कळेल, टाके कमी पडले की वाटी होते, जास्त झाले की झालर. ॲप्रेझलला एवढा आनंद झाला नव्हता हो. ऑफिसचं काम संपतच नाही. इथे गाठ मारली, दोरा कापला, संपलं. तुम्हाला असं कशात वाटतं? लिहा.

निवांत_नाही: आमच्या सासूबाई! साठीनंतर पेटीच्या क्लासला गेल्या. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बाकी सगळी तिसरी-चौथीतली पोरं. बाहेर बाकावर एका आईने विचारलं, "तुमची नात कुठली?" म्हणाल्या, "मीच ती." रोज सकाळी भूप राग चालू, त्यात म आणि नी नसतात, त्यामुळे माझ्याही आयुष्यातून म आणि नी वर्ज्य झालेत. फर्स्ट क्लास आला तर अख्ख्या बिल्डिंगला पेढे. सासरे म्हणाले, "माझ्या रिटायरमेंटला चहावर भागवलंस."

गच्चीवरचा: 😂😂 सासूबाईंना दंडवत

ध्रुवमत्स्य: आमचं मेसिए मॅरेथॉन. मार्चमधल्या अमावास्येच्या आसपास एका रात्रीत दुर्बिणीतून मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतल्या ११० पैकी जमतील तेवढे दीर्घिका, तारकागुच्छ, तेजोमेघ गाठायचे. संध्याकाळी त्यातले एम ७४ आणि एम ७७ संधिप्रकाशात बुडायच्या आत पकडायचे, पहाटे एम ३० हुलकावणी देतो. मधे कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या गर्दीत माणूस हरवतो. स्कोअर महत्त्वाचा नाही म्हणतात सगळे. असतो. बायको म्हणते, रात्रभर थंडीत कुडकुडून धुरकट ठिपकेच बघता ना? हो, पण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत स्वतः शोधलेले. गो-टूवाल्यांना, म्हणजे ज्यांची दुर्बीण आपणच नेम धरते त्यांना, नाही कळणार (भांडायला येऊ नका).

गो_टूवाला: आलो. 😄

शेवंता७: ताई, रुमालाचा फोटो टाका की आधी

सुईदोरा (धागाकर्ती): टाकते, कुकर लागलाय

बेकरीण: मी वेगळं सांगते. केक छान व्हायचे, सगळे म्हणाले ऑर्डरी घे. घेतल्या. मग फोटो पाठवून "अस्सेच युनिकॉर्नचे डोळे हवेत", रात्री अकराला "अंडं नाही ना घातलं?", वर पैशांसाठी आठवण करा. वर्षभरात ओव्हनकडे बघवेना. बंद केल्या. आता फक्त घरापुरती नानकटाई. छंद चांगला जमला की लोक लगेच त्याचा धंदा करायला का सांगतात?

निवांत_नाही: +१. माझ्या बहिणीचं मेंदीबाबत अगदी हेच झालं

गच्चीवरचा: विषय थोडा वेगळा, सॉरी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलेत, कळ्या गळतायत. उपाय?

शेवंता७: आधी पाण्याचा जोरात फवारा, मग कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणपाणी, ऊन उतरल्यावर. मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच पसरवतात.

आडगावकर: बाबा गेले तेव्हा काही सुधरत नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्या बंद केल्या नाहीत, हे आधी सांगतो. आत्या म्हणाली, त्यांची धोतरं नि सदरे पडलेत, गोधडी शिव. पुरुष माणूस गोधडी शिवतो म्हणून शेजारी हसले. कडेने धावदोरा घालत आत आत यायचं. रोज संध्याकाळी वीतभर व्हायची. दिवसभरात काहीतरी पुरं झालं, एवढं तरी दिसायचं. एका सदऱ्याचा खिसा तसाच ठेवलाय, मुलगी त्यात गोळ्या-चॉकलेटं लपवते.

बेकरीण: 🙏 दादा, काय बोलू

सुईदोरा (धागाकर्ती): आडगावकर, दोनदा वाचलं. गोधडीचाही फोटो टाका.

शेवंता७: क्रोशा नवीन शिकणारीने दोरा कुठला घ्यावा?

सुईदोरा (धागाकर्ती): २० नंबर घ्या. ४० बारीक असतो, सुरुवातीलाच डोळ्यांना त्रास नको. फिकट रंग घ्या, काळ्यात टाके दिसत नाहीत.

निवांत_नाही: सासूबाईंनी हे सगळं वाचलं. विचारतायत, प्रवेशिकेच्या, म्हणजे पुढच्या परीक्षेच्या, तयारीला तबल्याची साथ करणारं कोणी आहे का नाशिकात? संध्याकाळी सहानंतर. चहा-पोहे नक्की.