डायनामो गेला: खर्च किती आला? आकडे, अनुभव इथे टाका

घाटवळण: डायनामो म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. पाऊस लागला की डॅशबोर्डवर लाल बॅटरी पेटल्याचे फोन सुरू होतात आणि दरवर्षीचंच आठवतं: निम्म्यांनी आधी नवी बॅटरी घेतलेली असते, मग कळतं की चार्जिंगच होत नव्हतं. म्हणून धागा. लहान पेट्रोल गाडीचे ढोबळ आकडे: नवा ६ ते १२ हजार, रिकंडिशन ३ ते ५ हजार, मजुरी ५०० ते १५००. डिझेल एसयूव्हीचा नवा १५ हजारांच्या पुढे सहज. भर घाला.

मीटरवाला: आधी मल्टीमीटरने बॅटरीचं व्होल्टेज मोजा हो. रात्रभर उभी गाडी १२.६ व्होल्ट. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५. हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावून १३.५ च्या खाली बसत असेल तर संशय घ्या. १५ च्या वर गेलं तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला, बॅटरी उकळणार. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर डायोड प्लेट (एसीचं डीसी करणारा भाग) गेली.

स्पॅनर१०: +१. आणि डायनामोच्या मागच्या जाड वायरचा नट हलवून बघा. गंजलेला लग (वायरच्या टोकाची कडी) आणि सैल अर्थिंग यात कित्येक चांगले डायनामो भंगारात गेलेत. तो नट उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर पाना बॉडीला लागला की दिवाळी.

गोट्या: सगळा बदलायची गरजच नसते बऱ्याचदा. कार्बन (ब्रश) जोडी २००-४००, कटआउट ८०० ते २०००, दोन्ही बेअरिंग ५००-८००. पण रोटरची (आतल्या फिरत्या भागाची) स्लिप रिंग, ज्यावर कार्बन घासतात, ती खाल्लेली असेल तर नुसते कार्बन घालून घेऊ नका, खरखरीत रिंगवर तेही लगेच झिजतात. खोलून दाखवायला सांगा.

नानापेठकर: पार्ट पुण्यात नाना पेठेत मिळतो, पार्किंग मिळत नाही 😄

कुर्ल्याचा: आमच्याकडे सीएसटी रोडवर जुना मिळतो, पार्किंग नाहीच, वर पाणी. जुना घेणार असाल तर पुली हाताने फिरवून आवाज ऐका आणि अँपिअर जुळवा. ६० च्या जागी ९० बसेलही, पण कनेक्टर आणि पुलीच्या रेघा बघा.

मिसळ_विथ_तर्री: नाना पेठेचं निघालंच आहे तर जवळ मिसळ कुठे?

घाटवळण: धागा डायनामोचा आहे 🙏

डिझेलदादा: जुनी बोलेरो, सुमो, इंडिका डिझेल असेल तर डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो, कोणी लिहिलंच नाही. ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारा) त्यावर चालतो. पंप गेला तर पेडल दगड होतं. त्याला इंजिन ऑइल येतं, सील गळला की ऑइल आत जाऊन कार्बन चिकट होतात. पंपासकट किंमत विचारा. ओ-रिंग नवीच घाला, ५० रुपयांसाठी जुनी बसवतात लोक.

मीटरवाला: हे महत्त्वाचं. नव्या गाड्यांत व्होल्टचं उलट: चार्जिंग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, बॅटरी भरली की १२.८ सुद्धा दिसतं. बिघाड नाही. लाइट लावून परत बघा. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडला तर साधा डायनामो नाही, आयएसजी (स्टार्टर आणि जनरेटर एकत्र) आहे, इंजिन पुन्हा चालू करायचं कामही तोच करतो. त्याची किंमत बसूनच विचारा.

ताई_ड्रायव्हिंग: गॅरेजवाला चालू गाडीची बॅटरी वायर काढून "बंद पडली, म्हणजे डायनामो खराब" म्हणतो. बरोबर का?

स्पॅनर१०: अजिबात नाही ताई!! व्होल्टेज एकदम उसळतं, ईसीयू जातो. कार्बोरेटरच्या काळातली सवय ती. दुसरा माणूस शोधा.

गोट्या: बिलात बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के, आधी २८ होता. आणि जुना डायनामो परत मागा नाहीतर वळते पैसे घ्या, आत तांबं असतं.

ताई_ड्रायव्हिंग: धन्यवाद. लाइट पेटल्यावर किती जाता येतं?

डिझेलदादा: बॅटरी धडधाकट, दिवसा, एसी बंद, तर अर्धा-पाऊण तास धरा. पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर त्याहून कमी. पण बेल्ट तुटून लाइट आली असेल तर एक किलोमीटर पण नको. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो, तापमानाचा काटा चढला की हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं.

मिसळ_विथ_तर्री: मिसळीचं राहिलंच.

नानापेठकर: खासगी मेसेज केला.