हर्मानसजवळच्या वाइनरी: एक दिवस पुरेल का?

सागरवेल:
सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं केपटाऊनला जातोय. जो तो वाइनसाठी प्रसिद्ध स्टेलनबॉश सुचवतोय, पण मला पिनो न्वार ही रेड वाइन मनापासून आवडते, म्हणून किनाऱ्यावरच्या हर्मानस गावामागचं हेमेल-एन-आर्डे खोरं बघायचंय. यादीत सहा वाइनरी झाल्यात. एका दिवसात होतील? आई-बाबा वाइन घेत नाहीत, त्यांना कंटाळा तर येणार नाही ना?

द्राक्षमळा:
सहा नको, तीनच करा. चौथ्या ठिकाणी जिभेला काही कळेनासं होतं, आणि या खोऱ्यातली गंमत तर बारीक फरकांतच आहे.

हर्मानसहून आर३२० रस्ता धरा आणि समुद्राकडून वर चढत जा. खोऱ्याचे तीन भाग आहेत: खालचं व्हॅली, मधलं अपर आणि सगळ्यात उंचावरचं रिज. प्रत्येक भागातली एक वाइनरी निवडा. खाली हॅमिल्टन रसेल आहे. टिम हॅमिल्टन रसेल यांनी १९७५ मध्ये इथे जमीन घेतली, ती थंड हवेत पिनो आणि शार्डने ही व्हाइट वाइन करून बघायच्या जिद्दीने. समुद्र तिथून जेमतेम तीन किलोमीटर. खालच्या भागात चिकणमाती, मधल्या भागात ग्रॅनाइटची भुसभुशीत जमीन, वरच्या भागात पुन्हा चिकणमाती, पण उंची जास्त. तिन्हीकडे शक्यतो एकाच सालची पिनो मागा, बाकी यादीकडे बघूही नका. द्राक्ष तेच, पण खालची वाइन जिभेवर घट्ट बसते आणि मधली मला नेहमी हलकी, जास्त सुगंधी वाटते. तुम्हाला उलटंही वाटेल, जरूर वाटू दे!

पेल्यात ओतलेली पिनो फार गार असेल, तर लगेच पिऊ नका. पेल्याचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत धरून थांबा. आधी वास जवळजवळ येतच नाही. मग चेरी येते आणि तिच्यामागून ओल्या मातीचा वास. हे घडताना अनुभवण्यासाठी एवढा प्रवास केला तरी मला तो कमी वाटतो.

सप्टेंबरमध्ये द्राक्षं दिसणार नाहीत, तोडणी साधारण जानेवारीअखेर ते मार्च असते. पण छाटलेल्या वेलींवर कोवळे अंकुर फुटत असतील, ते वाकून बघा. जाकीट हवंच, समुद्रावरचा वारा थेट खोऱ्यात शिरतो.

किनारपट्टी:
आई-बाबांची काळजी सोडा. सप्टेंबर म्हणजे हर्मानसला सदर्न राइट देवमासे बघायचा ऐन हंगाम, आणि ते कड्यावरच्या पायवाटेवरून, बोटीत न बसताही दिसतात. जाताना एन२ महामार्गाऐवजी गॉर्डन्स बेहून आर४४ रस्त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने जा, वाटेत बेटीज बेला पेंग्विनही आहेत. वेळ जास्त लागेल, म्हणून मुक्काम हर्मानसलाच करा.

गाडी मात्र चाखणाऱ्याने चालवू नये. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ०.०५ ग्रॅम आहे. बाबा चालवणार असतील तर उत्तम, वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच आहे.

सागरवेल:
दोघांचेही खूप आभार! बाबा चालवायला तयार आहेत. तीन वाइनरी आणि दोन रात्री हर्मानस, ठरलं. एक विचारू? चाखून थुंकलं तर यजमानांना वाईट वाटतं का?

द्राक्षमळा:
अजिबात नाही. टेबलावर स्पिटून, म्हणजे थुंकायचं भांडं, त्यासाठीच असतं, नसलं तर मागून घ्या. वाइन करणारेही चाखताना थुंकतातच. जागा मात्र आत्ताच राखून ठेवा, आणि रिजवर जेवायचं असेल तर तेही आधीच कळवा.